बकऱ्यांचं गवत केव्हा कापावं, कसं वाळवावं

पोळा झाला की धुऱ्यावरचं आणि पडीतलं गवत कमरेला लागतं. पाच-सात बकऱ्या सांभाळणाऱ्या घरांचे चाऱ्याचे प्रश्नही याच सुमारास येऊ लागतात. त्यातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतर गवत कापून गंजी लावतो. बैल खातात, पण बकऱ्या नुसतं हुंगतात अन् सोडून देतात. असं काऊन?

दिवाळीनंतर कापता म्हणूनच. तोवर बी झडून गेलेलं असतं आणि काडी निबर झालेली असते. बैल जिभेचा विळखा घालून काडीसकट ओढून घेतो. बकरी ओठांनी एकेक पान वेचते, शेंडा खाते आणि काडी टाकून देते. तेव्हा बकरीसाठी गवत करायचं म्हणजे त्यातलं पान वाचवायचं. कापणीची तारीख, वाळवण आणि साठवण हे सगळं त्याच हिशोबाने ठरवा.

मारवेल आणि पवन्या ही गवतं निम्मी फुलोऱ्यात आली की विळा लावा. आपल्याकडे ही वेळ साधारण सप्टेंबर अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येते. कुसळी गवत त्याही आधी, कुसळ धरण्यापूर्वी कापायचं. कुसळ धरलेलं गवत बकरीच्या ओठात आणि हिरडीत टोचतं, जखमा होतात, आणि मग ती चांगला चाराही तोंडात घेत नाही. कुसळी उशिरा हाती लागलं तर ते छपरावर घाला, गव्हाणीत नको.

नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी असते, मजूर मिळत नाही आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. म्हणून सगळं गवत एकदम पाडू नका. घरातल्या माणसांना दिवसभरात पसरून पालटता येईल तेवढाच तुकडा कापा. चार दिवस उशिरा कापलेलं गवत जरा निबर होतं एवढंच, पण कापून पावसात भिजलेल्या गवताचा कसच धुऊन जातो.

धुऱ्यावरचं गवत कापण्याआधी एक गोष्ट आठवून पाहा. शेजारच्या कपाशीवर कीटकनाशकाची किंवा धुऱ्यावर तणनाशकाची फवारणी झाली होती का? झाली असेल तर ते गवत बकऱ्यांना देऊ नका, वाळवूनही नाही.

प्रश्न : दोन दिवस कडक उन्हात वाळवलं, तरी गंजीत बुरशी धरली. आतून गरमही लागत होतं.

वरचं पान वाळलं म्हणजे गवत वाळलं असं होत नाही. कापताना गवतात 70 ते 80 टक्के पाणी असतं आणि गंजी लावताना ते 15 टक्क्यांच्या आसपास यायला हवं. 20 टक्क्यांच्या वर असलं की आतल्या आत ऊब धरते, बुरशी येते, आणि मोठ्या गंजीला आपोआप आगही लागू शकते.

सकाळी दव उडाल्यावर, साधारण नऊनंतर कापणी सुरू करा. कापलेलं गवत तिथेच चार ते सहा इंच जाडीत पसरा. ढीग केला की वरचं करपतं आणि खालचं ओलंच राहतं. दुपार कलल्यावर एकदा पालटा. संध्याकाळी ओढून लांब ओळी लावा, म्हणजे रात्रीचं दव फक्त वरच्या थरावर पडतं. दुसऱ्या दिवशी दव सुकलं की ओळी मोकळ्या करा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन ते तीन दिवस पुरतात. मात्र शेवटच्या दिवशी भर दुपारी पालटू नका. तेव्हा पान इतकं कडक झालेलं असतं की हात लागताच त्याचा चुरा होतो. ते काम सकाळी, पान जरा मऊ असताना उरका. बरबटी, भुईमूग असा शेंगवर्गीय चारा असेल तर हे फार जपायला लागतं, कारण त्याचं पान देठाच्या कितीतरी आधी वाळून गळतं.

वाळलं का, हे दोन प्रकारे कळतं. मूठभर गवत पिळा. काडी कडकन मोडली आणि पेराशी ओल दिसली नाही तर ठीक. मनात शंका असेल तर मिठाने तपासा. मीठ तव्यावर गरम करून थंड होऊ द्या, कारण घरचं मीठ आधीच दमट असतं. गवताचे बारीक तुकडे कोरड्या काचेच्या बरणीत घाला, दोन चमचे मीठ टाका, झाकण लावून दोनेक मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ सुटं राहिलं तर गंजी लावा. गोळे झाले किंवा ते काचेला चिकटलं तर आणखी एक ऊन दाखवा.

गंजी उंचवट्यावर लावा, खाली दगड किंवा तुराट्यांचा फूटभर थर द्या. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) वापरू नका. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते, आणि ती गंजीखाली जपून ठेवण्यात काय शहाणपण? ताडपत्री फक्त माथ्यावर टाका, बाजू मोकळ्या ठेवा. चारही बाजूंनी गुंडाळलेली गंजी आतून घामेजते. विजेच्या तारेखाली किंवा चुलीजवळ गंजी नको.

पहिले दोन-तीन आठवडे मधूनमधून लोखंडी सळई आत खुपसा आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढून हात लावा. कोमट असेल तर चिंता नाही. हाताला धरवत नसेल तर गंजी मोडायला हवी, पण आधी पाण्याचे ड्रम जवळ आणून ठेवा. तापलेल्या पोटाला एकदम हवा लागली की भडका उडू शकतो.

बुरशी धरलेलं गवत उन्हात घालून "चालून जाईल" असं म्हणू नका. ऊन दाखवल्याने त्यातलं विष जात नाही, आणि गाभण बकरी गाभडण्याची भीती असते. ते खताच्या खड्ड्यात टाका. बकऱ्यांच्या खाली अंथरायलाही नको, त्या अंथरूणही चघळतात.

प्रश्न : सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) ढीगभर आहे. बकऱ्यांना तेच घातलं तर?

घाला, पण नुसतं तेच नको. बकरी शेंगांची टरफलं आवडीने खाते आणि जाड काड्या ठेवते. निम्मं तुरीचं कुटार मिसळा. तुरीच्या कुटारात पानाचा आणि शेंगेच्या सालीचा भाग जास्त असतो. ते जानेवारीत निघतं, हरभऱ्याचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. ही दोन्ही कुटारं वावरात पेटवून देण्यासारखी वस्तू नाही. थ्रेशरचं कुटार धुळीने भरलेलं असतं. ते चाळून किंवा झटकून घाला, नाहीतर बकऱ्या ठसकतात. सुडी (मळणीआधी रचलेला पिकाचा ढीग) पावसात भिजून काळी पडली असेल तर तिचं कुटार घालू नका.

खरा धोका दाण्यांचा. मळणीच्या जागी सांडलेल्या दाण्यांवर बकऱ्या सुटल्या की पोट फुगतं, आंबतं, आणि काही तासांत जनावर आडवं होतं. मळणी झाली की आधी जागा झाडून घ्या, मग बकऱ्या सोडा.

प्रश्न : पाच बकऱ्यांना उन्हाळ्यासाठी किती चारा ठेवावा लागेल?

30 किलोच्या बकरीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा धरा. मार्च ते जून असे 120 दिवस म्हणजे पाच बकऱ्यांना 600 किलो. नासाडी धरून 700 किलो ठेवा. त्यातलं निम्मं कुटार आणि निम्मं गवत, म्हणजे 350 किलो वाळलं गवत. तेवढ्यासाठी सुमारे 1200 किलो हिरवं गवत कापायला लागेल, कारण 100 किलो हिरव्याचं जेमतेम 30 किलो वाळलेलं उरतं. बकऱ्या रोज चराईला जात असतील आणि बाभळीच्या शेंगा मिळत असतील तर यातलं निम्मंही पुरतं. गाभण बकरीला मात्र शेवटचा दीड महिना वरून 200 ते 300 ग्रॅम खुराक हवाच. तो एकदम सुरू न करता आठवडाभरात वाढवत न्या.

नासाडी कमी करायची तर चारा जमिनीवर टाकणं बंद करा. पायाखाली आलेला, लेंडीमुताचा वास लागलेला चारा बकरी भुकेली राहील पण खाणार नाही. तोंड आत जाईल पण पाय जाणार नाही अशी उंच गव्हाण बांबूचीही होते. पेंडी टांगत असाल तर दोरीला मोकळा फास ठेवू नका, पिल्लांची मान अडकते.

प्रश्न : आमच्याकडे धानाचं तणस (भाताचा पेंढा) आहे. युरिया लावून बकऱ्यांना द्यावं का?

बैल-गायींसाठी जरूर करा. 100 किलो तणसाला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लास्टिकने हवाबंद करायचं आणि 21 दिवसांनी उघडायचं. घालण्याआधी तास-दोन तास पसरून वास उडू द्या. बकऱ्यांसाठी हा खटाटोप करू नका. त्या तणस फारसं खात नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ते देऊच नये. युरियाचं पाणी किंवा रिकामं पोतं त्यांच्या तोंडाला लागलं तर विषबाधा होते. तणस ढोरांना घाला आणि तेवढं कुटार बकऱ्यांसाठी राखा.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर दरवर्षी एखादं धडधाकट पिल्लू अचानक मरते.

बहुधा आंत्रविषार. मृगाचं कोवळं गवत भुकेल्या पोटी खाल्लं की आतड्यातले जंतू झपाट्याने वाढून विष तयार करतात. जास्त खाणारं, गुटगुटीत पिल्लूच त्यात सापडतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून मे महिन्यातच लस टोचून घ्या. पहिल्यांदाच टोचत असाल तर दुसरी मात्राही घ्या, तारीख डॉक्टर सांगतील. आणि गंजीतलं पंधरा दिवसांचं गवत नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला तरी शिल्लक ठेवा. रोज सकाळी ते अर्धपोट चारून मगच बकऱ्या बाहेर सोडायच्या, पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू जास्त. पिल्लू पाय झाडत पडलं, पोट फुगलं तर घरगुती काढे पाजत बसू नका. 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा किंवा थेट दवाखाना गाठा.