अफू किंवा हेरॉइन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्यास शिक्षा वाढते का?

नाही, हद्द ओलांडली म्हणून वेगळी शिक्षा नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा) जवळ बाळगणं, वाहतूक करणं आणि दुसऱ्या राज्यात नेणं हे सगळं एकाच कलमात येतं. अफूसाठी कलम १८, हेरॉइनसाठी कलम २१. शिक्षा ठरते ती वजनावर.

हेरॉइन ५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं सक्तमजुरी, आणि दंड किमान एक लाख. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. अफूसाठी हेच आकडे २५ ग्रॅम आणि अडीच किलो. आणि वजन शुद्ध मालाचं नाही, भेसळीसकट पूर्ण पुडीचं धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

खरी अडचण जामिनाची. व्यावसायिक प्रमाण (म्हणजे हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा किंवा अफू अडीच किलोपेक्षा जास्त) असेल तर कलम ३७ लागतं: आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, हे न्यायाधीशांना पटावं लागतं. त्यामुळे माणसं अनेकदा खटला संपेपर्यंत आतच राहतात.

ट्रकचालकांना कळकळीने सांगतो, मध्य प्रदेश-राजस्थानातून येताना ओळखीच्या माणसाचं न उघडलेलं पोतंही घेऊ नका. ‘मला माहीत नव्हतं’ हे कोर्टात तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि गाडीही जप्त होते.