रोज चित्र काढायचंय ना? मग मूडची वाट बघू नकोस

२१ दिवसांत सवय लागते, हे आधी डोक्यातून काढून टाक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि पसारा १८ पासून थेट २५४ पर्यंत! तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला, तर तुझ्यात काही खोट आहे असं समजू नकोस. एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चित्रं मात्र काढू नकोस, त्याने चिडचिडच होते.

‘रोज काढेन’ हा संकल्प फार मोघम आहे. ‘चहा गॅसवर ठेवला की वही उघडेन’ असं ठरव. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशा बेतांवर बरंच संशोधन केलंय, आणि ते खरंच कामी येतं. ओट्यावरची सांडशीच काढ. तिचा खिळा, पकडीचे दात, हातांचा बाक... चहा उतू जाईपर्यंत पुष्कळ आहे.

महागडी स्केचबुकं सध्या नकोत. कोऱ्या पानाचं दडपण येतं. पाठकोरे कागद आणि बॉलपेन घे, म्हणजे खोडायचा मोहही नाही. आणि पहिले काही महिने स्टेटसला काही टाकू नकोस. घरच्यांना दाखव हवं तर, तेही त्यांनी मागितलं तरच.