काँक्रीटचं जहाज गंजून संपतं का?

तुमचा प्रश्न असा, की खाऱ्या पाण्यात सळया गंजणारच, मग काँक्रीटची जहाजं टिकली कशी आणि आज तशी लहान बोट बांधता येईल का. ‘समुद्रात सिमेंट टिकत नाही’ हे मी साइटवर इतक्यांदा ऐकलंय की आधी तेच खोडतो.

‘सेल्मा’ घ्या. पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई पडली, म्हणून अमेरिकेत अलाबामातल्या मोबाइल बंदरात हे तेलवाहू जहाज काँक्रीटचं बांधलं. 1919 च्या जूनमध्ये ते पाण्यात उतरलं. तळ 5 इंच जाड, बाजू 4 इंच. दगडी खडीऐवजी भट्टीत फुगवलेल्या शेलची (मातीचे थर घट्ट होऊन बनलेल्या खडकाची) हलकी खडी. 1920 मध्ये मेक्सिकोत टॅम्पिकोला जेटीवर आदळून सुमारे 60 फुटांची भेग पडली. दुरुस्ती जमली नाही, गिऱ्हाईक मिळालं नाही, 1922 मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनजवळ उथळ पाण्यात बसवून टाकलं. 1953 साली नमुने काढले तर सळया फारशा गंजल्या नव्हत्या. म्हणजे घात धक्क्याने केला, मिठाने नाही. पोलादाच्या पत्र्याला पोचा येतो, काँक्रीट तडकतं. शिवाय कवच जड, त्यामुळे माल कमी मावतो. पोलाद पुन्हा मिळू लागल्यावर हा धंदा बसला तो याच कारणांनी.

आता बोट. तिथे फेरोसिमेंटच, म्हणजे तारेच्या जाळीत दाबून भरलेला सिमेंट-वाळूचा मसाला. 6 मिमी सळयांचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी अर्धा इंची वेल्डमेशचे (वेल्ड केलेल्या तारजाळीचे) तीन-चार थर, बाइंडिंग तारेने इतके आवळलेले की अंगठ्याने दाबून जाळी हलता कामा नये. वजनाने 1 सिमेंटला 2 चाळलेली वाळू. 50 किलोच्या गोणीला 20 लिटर पाणी, आणि ओल्या वाळूतलं पाणी त्यातून वजा. गवंडी ‘मसाला सरकत नाही’ म्हणत पाण्याचा डबा उपडा करतो, नासाडी तिथेच होते. कव्हर, म्हणजे जाळीवरचा मसाल्याचा थर, जेमतेम 2-3 मिमी, त्यामुळे पातळ मसाल्याच्या छिद्रांतून मीठ थेट तारेपर्यंत पोचतं. मसाला एका बाजूने दाबायचा, जाळीतून पलीकडे डोकावला की तिकडच्या माणसाने रंधा मारून तो सपाट करायचा. दोन्हीकडून थापलात तर मध्ये पोकळी राहते आणि वरून कळतही नाही. सगळं कवच एका दिवसात, सांधा न ठेवता. मग किमान 14 दिवस ओली गोणपाटं, सतत.

जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि साधी सळई ओल्या मसाल्यात एकत्र आली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटून पकड ढिली होते, हेही ध्यानात ठेवा. आणि सुमारे 30 फुटांखालची बोट असेल तर फेरोसिमेंट जड पडतं, तिथे लाकूड किंवा फायबरच घ्या.