येऊरच्या वाटेवर दिसलेला ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा, हे कसं ओळखायचं?

तुमच्या वर्णनावरून सांगतो: बहुतेक कुत्रा. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, गोल वाटेवर ओढ्याच्या कडेला ओली माती, त्यात चार बोटांचा ठसा, बोटांपुढे नखांची टोकं, आकार 'बुटाच्या टाचेएवढा'. मित्रांनी बिबट्या म्हणून जाहीर केलं आणि तुम्ही सगळे तिथूनच माघारी आलात. माघारी आलात त्यात चूक काहीच नाही. पण तो ठसा बहुधा तिथल्या आदिवासी पाड्यावरच्या एखाद्या मोत्याचा असणार. किंवा टायगरचा, येऊरला कुत्र्याचं नाव टायगर असण्याची शक्यता बरीच आहे.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. नोकरी हिशेबाची, जंगलाशी संबंध फक्त रविवार सकाळपुरता, पण तो चौदा-पंधरा वर्षांचा. तुमच्यासारखीच गफलत मीही केलेली आहे, आणि तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात. सुरुवातीच्या काळात पाटोणपाड्याच्या पुढे मला एक ठसा दिसला, मी त्याचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. घरी पोचेपर्यंत ग्रुपवर 'उपवनपर्यंत बिबट्या आला' अशी बातमी झाली होती, आणि दोन आज्यांनी संध्याकाळचं उपवन तळ्यावर जाणं बंद केलं होतं. पुढच्या रविवारी तोच फोटो पाड्यातल्या एका मावशींना दाखवला. त्या डोक्यावरचा फाट्यांचा भारा न उतरवता म्हणाल्या, "हा आमचा कुत्रा." मी म्हटलं, कशावरून? त्यांनी मोबाइलवर बोट ठेवलं. बोटांवर नाही, नखांवरही नाही. ठशाच्या मागच्या कडेवर.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. नखांवरून निकाल देऊ नका. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात हे खरं, पण निसरड्या चिखलात किंवा उतारावर तोल सावरताना बिबट्याचीही नखं उमटतात. उलट कोरड्या, घट्ट मातीवर कुत्र्याची नखं कधीकधी दिसतच नाहीत. भरवशाची गोष्ट म्हणजे तळव्याची मोठी गादी. बिबट्याच्या गादीची मागची कड सरळ नसते, तिला तीन फुगवटे असतात, भाकरीच्या कडेला दोन जागी अंगठा दाबला की उरतात तसे. गादी मोठी असते, रुंद असते, आणि बोटं तिच्यापुढे थोडी पसरून बसलेली असतात. कुत्र्याची गादी त्या मानानं लहान आणि त्रिकोणी. चार बोटं आणि गादी यांच्यामधून काडीनं फुली काढून बघा: कुत्र्याच्या ठशात फुलीच्या दोन्ही रेघा गादीला न लागता निघून जातात, बिबट्याच्या ठशात त्या गादीवर चढतात. ही काडी मी हवेतच धरतो. ठसा पुसला की मागून येणाऱ्याला काय दिसणार?

दुसरी खूण समजायला तुमचा स्वतःचा हात पुरे. उजवा हात पालथा करून जमिनीवर ठेवा, अंगठा आत दुमडा. चार बोटं राहिली. त्यातलं मधलं बोट सगळ्यात पुढे गेलंय, आणि ते मध्यावर नाही, जरा डावीकडे आहे. बिबट्याच्या ठशातही असंच एक बोट पुढे असतं. ते डावीकडे असेल तर उजवा पाय, उजवीकडे असेल तर डावा. कुत्र्याची मधली दोन बोटं मात्र शाळेच्या प्रार्थनेत उभी केल्यासारखी एका रेषेत असतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही. पण ते डोळ्यांत बसवायला आधी कुत्र्यांचे ठसे भरपूर बघावे लागतात. कोणी विचारलं तर मी हेच सांगतो: पहिले दोन महिने बिबट्याचं नाव काढू नका. सोसायटीच्या आवारात सिमेंट ओलं असताना जो कुत्रा त्यावरून चालून गेला त्याचे ठसे नीट बघा, मग येऊरला जा.

आकाराचं म्हणाल तर 'टाचेएवढा' यावरून काहीच कळत नाही. खिशात एटीएम कार्ड असतंच. ते ठशाला लागून ठेवा आणि अगदी वरून, सरळ फोटो काढा. कार्डाची लांबी जवळजवळ साडेआठ सेंटीमीटर, रुंदी ५.४. वयात आलेल्या बिबट्याचा पुढचा पंजा साधारण ७ ते ९ सेंटीमीटर रुंद असतो. नराचा कार्डाच्या लांबीच्या आसपास जातो, मादीचा जरा कमी. पाड्यावरच्या गावठी कुत्र्याचा ठसा कार्डाच्या रुंदीजवळ थांबतो. पण लॅब्राडोरला फिरायला घेऊन येणारेही येऊरला कमी नाहीत, आणि लॅब्राडोरचा पंजा मादी बिबट्याएवढा भरू शकतो. शिवाय चिखल पातळ असेल तर ठसा मूळ पंजापेक्षा मोठा उमटतो. म्हणून आधी गादी आणि बोटं, कार्ड त्यानंतर.

मावशींनी त्या दिवशी शिकवलेली आणखी एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण खरी मजा तिथेच आहे. मी फोटो काढला होता ती जागा त्यांनी मला पुन्हा दाखवायला लावली. आठवडाभर पाऊस नव्हता, वाटेवर पिठासारखी धूळ. आदल्या आठवड्याचं आता काही उरलं नव्हतं, पण कुत्र्याचे नवे ठसे होते, इकडून तिकडे, मध्येच झुडपाकडे, परत वाटेवर. मावशी चार पावलं पुढे जाऊन थांबल्या. तिथे कुत्र्याच्या ठशाचा अर्धा भाग मोडून त्यावर दुसरा ठसा बसला होता. गोल, नखं नाहीत, मागे तीन फुगवटे, कडा अजून धारदार. आणि तो एकटा नव्हता. वाटेच्या कडेकडेनं एक सरळ ओळ गेली होती, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर जवळजवळ तंतोतंत पडलेला. कुत्रा चालतो तो हुंगत, रमतगमत. बिबट्या चालतो तो कामाला निघाल्यासारखा. मग मावशींनी शेजारची टायरची रेघ दाखवली. ती बिबट्याच्या एका ठशावरून गेली होती. "दूधवाल्याची गाडी," त्या म्हणाल्या, "सहाला येते." म्हणजे कुत्रा काल संध्याकाळी, बिबट्या रात्री, दूधवाला सकाळी सहाला आणि आम्ही साडेसातला. सगळे एकाच वाटेवरून.

त्या 'बिबट्या' म्हणाल्या नाहीत, 'वाघ' म्हणाल्या. पाड्यावर बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि वारली लोक वाघोबाला देव मानतात. तेव्हा येऊरला कोणी "रात्री वाघ आला होता" म्हटलं तर पट्टेरी वाघ समजून दचकू नका.

तो कुत्रा आणि तो बिबट्या एकाच धुळीत का, याचं उत्तर फार सुखद नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, येऊर हा त्याचा ठाण्याकडचा भाग. तिथे २०१५ साली कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून केलेल्या अभ्यासात ३५ बिबटे मोजले गेले, आणि त्यांच्या खाण्यात चितळ-सांबराबरोबर कुत्र्यांचा वाटाही मोठा निघाला. म्हणून कुत्र्याच्या मागावर बिबट्याचा ठसा पडणं हा योगायोग नसतो. कुत्र्याला घेऊन जंगलात फिरायला येणाऱ्यांना मी हे सांगतो. बहुतेकांना ते आवडत नाही.

बाकीच्या ठशांचंही थोडं सांगतो, कारण गोल वाटेवर बिबट्यापेक्षा तेच जास्त भेटतात. मांजरासारखाच ठसा पण कार्डाच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर रानमांजर. त्याहूनही बारका, दहाच्या नाण्याएवढा असेल तर घरच्या मांजराचं पिल्लू म्हणून सोडून देऊ नका; वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, आणि ती या उद्यानात आहे. पाच बोटं दिसली की मांजरकुळ बाद. तो उदमांजराचा किंवा जवादी मांजराचा असू शकतो. आसपासच्या खडकावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली तर उदमांजर धरा. माणसाच्या हातासारखा, अंगठा बाजूला असलेला ठसा म्हणजे माकड किंवा वानर, हे मुलंसुद्धा ओळखतात. घोरपडीच्या पायांच्या मधोमध शेपटीची नागमोडी रेघ असते. साळिंदराचे ठसे मला अजून नीट वाचता येत नाहीत, पण वाटेत काळा-पांढरा काटा पडलेला मिळाला की वाचायची गरजच राहत नाही. काटा तिथेच राहू द्या. राष्ट्रीय उद्यानातून काहीच उचलून न्यायचं नसतं.

खुरांसाठी दहाचं नाणं बरं, ते २७ मिलिमीटरचं असतं. पिसोरी म्हणजे हरणासारखा दिसणारा सशाएवढा प्राणी, त्याचा खूर नाण्याखाली झाकला जातो. भेकराचा नाण्याहून थोडा मोठा, चितळाचा साधारण दोन नाण्यांएवढा लांब, सांबराचा तीन नाण्यांच्या जवळपास. घोळ होतो तो चितळ आणि पाड्यावरच्या शेळ्या यांच्यात. शेळीच्या खुराची टोकं बोथट आणि फाकलेली, चितळाची निमुळती. तरीही शंका राहिली तर इकडेतिकडे बघा. शेळ्या एकट्या फिरत नाहीत, त्यांच्यामागे स्लिपरचा ठसा असतो. रानडुकराच्या दोन खुरांच्या मागे, बाहेरच्या बाजूला आणखी दोन बारीक खळगे उमटतात, आणि जवळपास नांगरल्यासारखी उकरलेली माती असते.

हे सगळं वाचायला दिवस आणि वेळ निवडावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं वाटेवर पापडासारखी पसरतात, तेव्हा पानांवर शोधू नका, गाडीवाटेवरची धूळ आणि वाटेखालच्या मोरीच्या तोंडाशी साठलेली माती बघा. भर पावसात ठसा तासाभरात धुऊन जातो. पाऊस ओसरल्यावरचे ऑक्टोबरचे दिवस उत्तम, ओढ्याकाठचा गाळ तेव्हा मऊही असतो आणि आकार धरूनही ठेवतो. सकाळी ऊन तिरपं असतं, ठशात सावली भरते आणि फुगवटे उठून दिसतात. तोच ठसा बाराच्या उन्हात सपाट दिसतो आणि फोटोत तर कुत्रा आणि बिबट्या भाऊ-भाऊ वाटतात. उशीर झालाच तर एकानं अंगानं सावली करायची आणि दुसऱ्यानं मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा.

एका ठशावरून 'हा तोच बिबट्या, गेल्या महिन्यातला' असं मात्र कोणी सांगू लागलं तर मान डोलावून पुढे चला. एके काळी देशभर वाघांची मोजणीच ठशांवरून व्हायची, काचेवर ठसा गिरवून आणि प्लास्टरचे साचे काढून. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नाही, हे २००५ साली उघड झालं, आणि त्यानंतर ती पद्धत मागे पडून कॅमेरा ट्रॅप आले. कॅमेऱ्यात अंगावरचे ठिपके दिसतात, आणि ते प्रत्येक बिबट्याचे वेगळे असतात. पंजाचं तसं खात्रीनं सांगता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आठ वर्षांच्या मुलाला नेऊ का. न्या. पण फाटकावर पावती घेऊन, कुठली वाट खुली आहे ते विचारून, चांगलं उजाडल्यावर जा आणि उन्हं उतरायच्या आत बाहेर पडा. ठसा बघायला आपण उकिडवे बसतो, आणि उकिडवा बसलेला माणूस किंवा लहान मूल बिबट्याला सावजाच्या उंचीचं दिसतं. म्हणून एक जण खाली बसला की दुसऱ्या मोठ्या माणसानं उभं राहून चारी बाजूंना लक्ष ठेवायचं, मुलाला दोघांच्या मध्ये ठेवायचं आणि बोलत राहायचं. कानात इयरफोन नकोत. अगदी ताजा, ओलाव्यानं चमकणारा, धारदार कडांचा ठसा दिसला तर त्या दिशेनं पुढे जायचं नाही, आल्या वाटेनं परत. समोर आलाच, तर मुलाला उचलून घ्या, पाठ न फिरवता, न पळता, हळूहळू मागे सरका, आणि त्याची निघून जायची वाट अडवू नका. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो आधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, कारण ओढ्याकाठी तो नेटवर शोधता येईलच असा भरवसा नाही.

मुलाच्या हातात कार्ड आणि नाणं द्या, मोजणी त्यालाच करू द्या. आमची लेक नऊ वर्षांची असताना तिनं पहिल्या दिवशी एकवीस ठसे मोजून वहीत लिहिले होते. एकोणीस कुत्रे, एक शेळी, आणि एकासमोर 'बाबांचा बूट'.