पहिल्यांदा ब्रेस्ट कॅन्सर वॉकला घरच्यांना घेऊन जातेयस?

अगं टेन्शन नको घेऊस, मेकिंग स्ट्राइड्स हा ब्रेस्ट कॅन्सरसाठी डोनेशन गोळा करायचा वॉक आहे, रेस नाहीये, अमेरिकन कॅन्सर सोसायटी १९९३ पासून करतेय आणि अंतर बहुतेक ठिकाणी ३ ते ५ मैल असतं, दमलात तर मधूनच परत फिरा, कोणी काही म्हणत नाही. टीम आत्ताच ऑनलाइन बनव आणि मावशी-काकूंकडे डोनेशन मागायच्या आधी ऑफिसच्या एचआरला मॅचिंग मिळतं का विचार, कंपनी तेवढेच पैसे वरून घालते, आम्ही पहिल्या वर्षी विसरलो ना, अजून हळहळ वाटते. न्यूजर्सीत ऑक्टोबरच्या सकाळी हुडहुडी भरते. सासूबाई गुलाबी साडीवर स्नीकर्स घालून आल्या, फोटो झकास, पण अर्ध्या तासात माझं जॅकेट त्यांच्या अंगावर! नवे कोरे बूट मात्र अजिबात नको. पोरांना स्ट्रॉलर घे, खायला दशम्या.

आणि हो, स्वतः ब्रेस्ट कॅन्सरमधून गेलेल्या बायका तिथे भेटतात, त्यांना 'कितवी स्टेज होती' वगैरे विचारायचं नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. आमच्या काकांनी विचारलंच, मी पाणी आणायच्या निमित्ताने पळाले.