पडलेला दात धुवायचा किती, ठेवायचा कशात?

प्रश्न : आमच्या उन्हाळी शिबिरात कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट असते. गेल्या वर्षी खो-खोच्या खांबावर आपटून दहा वर्षांच्या मुलीचा वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. कुणीतरी तो घासूनपुसून कागदात गुंडाळला. दवाखान्यात पोचेपर्यंत दीड तास गेला आणि ‘उशीर झाला’ असे ऐकावे लागले. नेमके कुठे चुकले? प्रथमोपचार पेटीत काय ठेवावे?
– क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : उशीर झाला हे खरेच, पण त्याआधी घासणे आणि कागद या दोन गोष्टी नडल्या. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक धाग्यांचे पातळ आवरण असते, त्या धाग्यांनी तो हाडाला बांधलेला असतो. दात निखळतो तेव्हा या आवरणाचा काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो. त्यातल्या पेशी जगल्या तरच दात पुन्हा नीट धरतो. घासले की त्या खरवडून निघतात, आणि कागदात सुकून मरतात. तासभर कोरडा राहिलेला दात बसवला, तरी हाड थेट मुळाला चिकटते आणि हळूहळू मूळ खात जाते. वाढत्या मुलीचा असा दात शेजारच्या दातांपेक्षा वर अडकल्यासारखा, आखूड दिसू लागतो. तरीही उशीर झाला म्हणून दात फेकू नका. काही वर्षे जागा आणि हाडाची रुंदी टिकावी यासाठीही डॉक्टर तो बसवतात.

मैदानावर आधी मूल पाहा, मग दात. शुद्ध हरपली असेल, उलटी झाली असेल किंवा मूल असंबद्ध बोलत असेल तर सरळ रुग्णालय गाठा, दात सोबत दुधात न्या. तसे काही नसेल तर दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) हलकेच धुवा. दोन्ही नसेल तर नळाच्या बारीक धारेखाली, फार तर दहा सेकंद. साबण नको, ब्रश नको, डेटॉल तर नकोच. मग शेजारचा दात पाहून पुढची बाजू पुढे ठेवा आणि दात खाचेत अलगद दाबून बसवा. मुलाला घडी घातलेला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा आणि निघा. हे पहिल्या पाच मिनिटांत जमले तर त्यासारखे दुसरे काही नाही. आपल्याकडे मात्र रक्त पाहून सगळे मागे सरतात, म्हणून हा सराव शिक्षकांनी खेळाआधीच मनात करून ठेवावा.

बसवायला जमले नाही तर दात गार, साध्या दुधात बुडवा. पिशवीतले चालते. ताक आंबट म्हणून नको, आणि पाण्यात तर ठेवूच नका. दुधातल्या क्षारांचे प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळपास असते, म्हणून पेशी टिकतात. साध्या पाण्यात त्या पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दूध नसेल तर सलाइन, तेही नसेल तर मुलालाच एका डबीत थुंकायला सांगून त्या लाळेत ठेवा.

पेटीत घट्ट झाकणाची छोटी डबी, हातमोजे, निर्जंतुक गॉज, सलाइनची बाटली आणि फ्रिजशिवाय टिकणारे साधे टेट्रापॅक दूध ठेवा. चॉकलेटचे नको. झाकणाच्या आत रविवारी संध्याकाळी उघड्या असणाऱ्या दंतवैद्याचा नंबर चिकटवा. पुढे डॉक्टर लवचीक तारेने तो दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधतात आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतात. मूळ पूर्ण वाढलेले असेल तर याच काळात रूट कॅनाल सुरू करावे लागते.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाचा पुढचा दात झोपाळ्यावरून पडून निघाला. आम्ही लगेच बसवून घेऊ म्हटले तर डॉक्टरांनी नकार दिला. असे का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : डॉक्टरांचे बरोबर आहे. दुधाचा दात परत बसवत नाहीत, कारण वर हाडात तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा पोचते. तो खुशाल कौलावर टाका, नाहीतर उंदीरमामाला द्या! मात्र दात सापडलाच नाही तर तपासून घ्या. तो हिरडीत आत घुसलेला असू शकतो, आणि मूल खोकत असेल तर श्वासनलिकेतही गेलेला असू शकतो. शेजारच्या दातावर काही महिने लक्ष ठेवा. नुसता करडा पडला तर घाई नाही, पण हिरडीवर फोड आला तर दाखवा.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, क्रिकेट आणि कबड्डी खेळतो. दुकानातून गरम पाण्यात मऊ करायचा माउथगार्ड आणला, पण तो सारखा गळून पडतो आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणता येत नाही. पुढच्या महिन्यात दातांना तारा लावायच्या आहेत.
– एक पालक, सांगली

उत्तर : गळतो म्हणजे बसवताना घाई झाली. पाकिटावर लिहिलेले सेकंद मोजूनच पाण्यात ठेवा. जास्त ठेवला तर चावताना दाढेखाली कागदासारखा पातळ होतो आणि संरक्षण तिथेच संपते. वरच्या दातांवर चढवून चावायला सांगा, बाहेरून ओठ-गालांवर बोटांनी दाबा, आतून जिभेने दाबून जोरात चोखायला लावा, मग गार पाण्यात टाका. तोंड उघडून मान खाली घातल्यावर पडला नाही तर जमला. टाळूकडची जास्तीची कड कात्रीने कमी केली की बोलणे बरेच सुधारते. चढाईत पंचाला शब्द स्पष्ट ऐकू यायला हवा, तेव्हा सराव घालूनच करा.

तारा लागल्यावर मात्र हा प्रकार बंद. मऊ प्लॅस्टिक ब्रॅकेटना (तार धरायला दातांवर चिकटवलेल्या खुंट्यांना) घट्ट धरते, काढताना ते उपटतात. शिवाय तारांमुळे सरकणाऱ्या दातांना असा माउथगार्ड अडवतो. दंतवैद्याकडून माप देऊन, तारांसाठी मोकळी जागा सोडून करून घ्या. पुढे सुमारे तीन मिलिमीटर, चावण्याच्या बाजूला दोन मिलिमीटर जाडी मागा. माउथगार्ड करताना प्लॅस्टिकची शीट तापवून दातांच्या साच्यावर ओढतात, तेव्हा ती ताणून पातळ होते, म्हणून तीन मिलिमीटरचीच शीट वापरली तर पुढे तेवढी जाडी उरत नाही. हे आधी विचारा. दात हलत आणि नवे येत असल्याने काही महिन्यांनी तो बदलावा लागेल.

क्रिकेटला सीझन बॉल असेल तर हेल्मेटची जाळीही पाहा. हेल्मेटची कपाळावरची पुढे आलेली कड आणि जाळी यांच्या मधून, तो खेळतो तोच चेंडू जोर लावून दाबून बघा. लहान मुलांचा चेंडू आकाराने बारीक असतो, मोठ्यांच्या हेल्मेटच्या फटीतून तो आत येऊ शकतो. माउथगार्ड गार पाण्याने धुऊन भोके असलेल्या डबीत ठेवा. उन्हात गाडीत राहिला तर आकार सोडतो.