अपग्रेडनंतर लॉग फिरत नाहीये? आधी पिड फाइल बघ

अरे, लगेच लॉगरोटेटला (जुनी लॉग फाइल बाजूला काढून नवी सुरू करणारा, म्हणजे लॉग 'फिरवणारा' प्रोग्राम) शिव्या नको घालू, त्याने त्याचं काम केलंय. तुझी अ‍ॅक्सेस लॉग शून्य बाइटची आणि डॉट १ वाली (बाजूला काढलेली जुनी) फुगत चाललीये ना? म्हणजे नाव बदललं, पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरने जुनी फाइल उघडीच ठेवलीये, यूएसआर१ सिग्नल ('लॉग फाइल नव्याने उघड' असा इशारा) मिळेपर्यंत तो तिच्यातच लिहीत बसणार. हा सिग्नल पाठवते पोस्टरोटेट, म्हणजे लॉग फिरवल्यावर चालणारी स्क्रिप्ट, आणि कुणाला पाठवायचा ते तिला पिड फाइलमधल्या प्रोसेस नंबरावरून कळतं. आता पोस्टरोटेटमधला पिड फाइलचा पाथ आणि एनजिनएक्सच्या कॉन्फिगमधला पाथ ताडून बघ, कारण स्क्रिप्टमध्ये 'फाइल असेल तरच सिग्नल' असं असतं, त्यामुळे पाथ चुकला तरी एररबिरर काही येत नाही (मी यात अख्खी रात्र घालवलीये). लॉगरोटेट मायनस डी (नुसती चाचणी) लावून चालवशील तर पोस्टरोटेट चालतच नाही, म्हणून पाथ सुधारला की मायनस एफनेच (जबरदस्तीने खरंच फिरवून) तपास.